साहेब, आज तुमी गप बसा

"काय पाळकसाहेब, बरंय ना?"
"प्रभूची कृपा."

हा संवाद मी जन्मल्यापासून ऐकतेय. चर्चमध्ये उपासना संपली की दारात उभं राहून हस्तांदोलन, मग चहा, मग कोणाच्या तरी मुलाच्या ॲडमिशनची चौकशी, आणि मधेच कोणीतरी पाळकांना, म्हणजे पास्टरना, विचारतं बरंय ना, आणि पाळक म्हणतात प्रभूची कृपा, आणि विचारणारा उत्तर पूर्ण व्हायच्या आत चपला शोधायला लागलेला असतो. मी पाळकाच्या घरात वाढले त्यामुळे मला माहितीय की ‘प्रभूची कृपा’ म्हणजे दारावरचा पडदा आहे. आत सगळं टापटीप असेल तरी तोच पडदा, आणि आत भांडी आपटलेली असतील तरी तोच.

हे सगळं आत्ता लिहायचं कारण म्हणजे काही महिन्यांपूर्वी आमच्या चर्चमध्ये प्रभुभोजनाच्या वेळी पाळकसाहेब मधेच थांबले. भाकर हातात घेतली, "ज्या रात्री प्रभू येशूला धरून देण्यात आलं" इथपर्यंत आले आणि पुढचे शब्दच येईनात. जे शब्द त्यांनी शेकडो वेळा म्हटलेत, झोपेत उठवून विचारलं तरी म्हणतील, ते. पाचसहा सेकंद असतील, पण चर्चमध्ये पाचसहा सेकंद फार मोठे असतात. मग पुढे नीट झालं सगळं. बाहेर आल्यावर एक काका म्हणाले तयारी करत नाहीत हल्ली, दुसऱ्या म्हणाल्या शुगर चेक करायला पाहिजे, आणि मी पास्टरेट कमिटीची (चर्चचा कारभार बघणारी समिती) सेक्रेटरी असूनसुद्धा चहाचे कप गोळा करत राहिले कारण मला ती नजर ओळखीची वाटली होती आणि मला ती ओळखायची नव्हती.

ती नजर मी पप्पांची बघितलेली. सातवीत होते मी.

आम्ही तेव्हा नगर जिल्ह्यात (आता अहिल्यानगर म्हणायचं, पण तोंडाला नगरच येतं) एका गावात होतो. चर्चला लागूनच पत्र्याचं पाळकनिवास, दोन खोल्या आणि पडवी. त्या घराचं दार रात्री दहापर्यंत उघडं आणि पहाटे पाचला कोणीतरी कडी वाजवणार, सायेब, म्हातारीचा जीव घाबरा झालाय चला. पप्पा जायचे. सायकलवर, नंतर सेकंडहँड लुनावर. एक मुख्य गाव आणि आजूबाजूच्या सात वस्त्या त्यांच्याकडे होत्या. त्या वर्षी पावसाळ्याच्या तोंडाला एका महिन्यात त्यांनी तीन प्रेतविधी केले, त्यातला एक माझ्या वर्गातल्या मुलाचा, विहिरीत पोहायला गेलेला तो वर आलाच नाही. त्याच्या आईला धरून बसले होते पप्पा, आणि घरी आल्यावर ताटावरून उठून गेले. त्यात वरून पगार यायचा तो चार महिने आला नव्हता. किराणावाला काही बोलायचा नाही पण वही मात्र आमच्यासमोरच उघडायचा.

पप्पा झोपायचे बंद झाले. रात्री मला जाग आली की चर्चच्या ओट्यावर पांढरा बनियन दिसायचा. दिवसा सगळं व्यवस्थित, उपदेश, बाप्तिस्मे, महिला मंडळाची मीटिंग, "प्रभूची कृपा". घरात मात्र दुधाचं पातेलं जरा लवंडलं तरी इतके ओरडायचे की माझा लहान भाऊ पलंगाखाली जाऊन बसायचा. आणि मग रडायचे. पप्पांना रडताना बघणं हे ओरडताना बघण्यापेक्षा वाईट होतं. आई म्हणायची, कुणाला सांगू नको हां. एवढंच वाक्य. ते वाक्य पाळकांच्या सगळ्या घरांमधे असतं बहुतेक, बाप्तिस्म्याच्या पाण्याबरोबरच देत असतील.

आमच्या चर्चमध्ये एक आजी होत्या. लिहितावाचता येत नव्हतं, दुसऱ्याच्या शेतात खुरपायला जायच्या, आणि दर शनिवारी संध्याकाळी चर्च झाडायला यायच्या, कोणी सांगितलं नव्हतं, पैसे तर नाहीच. एका शनिवारी त्या झाडून झाल्यावर आमच्या पडवीत आल्या. फडक्यात बांधलेल्या दोन बाजरीच्या भाकरी आणि ठेचा आईच्या हातात दिला. पप्पा खुर्चीत रविवारचा उपदेश लिहीत बसलेले, म्हणजे वही उघडून बसलेले. आजी समोर जमिनीवर बसल्या आणि पप्पा सवयीने उठले, प्रार्थना करायची ना आजी, म्हणून डोक्यावरून हात फिरवायला लागले. तर आजी म्हणाल्या,

"सायेब, लई दिस झालं तुमी आमच्यासाठी मागताय. आज तुमी गप बसा. आज म्या मागते."

आणि पदर डोक्यावर घेऊन मागितलं. मला जसंच्या तसं आठवतं कारण इतकी छोटी प्रार्थना मी चर्चमध्ये कधी ऐकलीच नव्हती. "देवा, ह्या माणसाला झोप दे. आमाला भाषण नगं, आदी ह्येला झोप दे. ह्येच्या बायकूला बी दे. आमेन."

आई स्वयंपाकघरात भिंतीला टेकून उभी होती, तिने तोंडात पदर कोंबलेला.

आता इथे मी लिहिलं असतं की त्या रात्री पप्पा गाढ झोपले, तर साक्ष म्हणून मस्त झाली असती, कन्व्हेन्शनमध्ये लोकांनी हालेलुया म्हटलं असतं. पण नाही झोपले. त्यानंतर कितीतरी आठवड्यांनी नगरला जाऊन डॉक्टरला दाखवलं, गोळ्या चालू झाल्या, तेव्हा हळूहळू झोप यायला लागली. पण आजींनी प्रार्थनेनंतर अजून एक गोष्ट केली. बुधवारी पप्पा सर्वात लांबच्या वस्तीवर जायचे, जाऊन येऊन चौदापंधरा किलोमीटर. पुढच्या बुधवारी आजी आणि अजून दोघी बायका सकाळीच आल्या आणि म्हणाल्या आमी जातो वस्तीवर, गाणी आमाला पाठ हायेत, तुमी घरी ऱ्हावा. आणि चारपाच महिने त्या बायका दर बुधवारी चालत गेल्या, एका दिवसाची मजुरी बुडवून. पप्पांना कोणी विचारलं नाही की तुम्हाला नेमकं काय झालंय. आजींना डिप्रेशन हा शब्द माहीत नव्हता, पण माणूस बसलाय हे त्यांना दिसलं.

मला नंतर मोठं झाल्यावर बायबलमध्ये १ राजे १९ वाचताना हसूच आलं, म्हटलं हे तर आमच्याच पडवीत घडलेलं. एलिया कर्मेल डोंगरावर एवढा मोठा पराक्रम करून येतो आणि लगेचच ईजबेल राणीच्या एका धमकीने पळत सुटतो, रानात रतामाच्या झुडपाखाली बसून देवाला म्हणतो पुरे झालं, माझा प्राण घे. संदेष्टा असं म्हणतो! आणि देव काय करतो, तर दूत पाठवतो, आणि तो दूत उपदेश देत नाही, विश्वास कमी पडला म्हणत नाही, निखाऱ्यावरची भाकर आणि पाण्याची चंबू ठेवतो आणि म्हणतो उठ, खा. एलिया खातो आणि परत झोपतो. दूत दुसऱ्यांदा येतो, परत तेच, खा. डोंगरावरचं बोलणं, तो मंद स्वर, ते सगळं नंतर, चाळीस दिवसांनी. आपल्या मराठी बायबलमध्ये तिथे भाकर हाच शब्द आहे आणि मला तो वाचला की बाजरीच दिसते, यहूदी लोक तेव्हा कसली खायचे ते जाऊ दे.

तर सांगायचं असं की ‘हे प्रभू आमच्या पाळकांना आशीर्वाद दे, त्यांना अभिषेकाने भर, त्यांचा सामर्थ्याने वापर कर’ ही जी आपण सगळे दर रविवारी करतो ती प्रार्थना मला आता जरा खटकते. चूक आहे असं नाही. पण त्यात आपण देवाला सांगतोय की ह्या माणसाचा अजून वापर कर. आधीच वापरून वापरून झिजलाय तो. झोपेसाठी, बीपीसाठी, पोरांच्या फीसाठी, त्यांच्या स्वतःच्या वडिलांच्या आजारपणासाठी कोण मागतं? आणि ते मागायचं तर आधी माहिती पाहिजे, आणि माहिती मिळायची तर त्यांनी सांगायला पाहिजे, आणि ते सांगत नाहीत. का सांगत नाहीत ते आपल्याला चांगलं ठाऊक आहे.

कारण आपण सांगितलेलं पचवत नाही. आपल्याकडे चुगली करायची सगळ्यात पवित्र पद्धत म्हणजे प्रार्थना विनंती. "पाळकांच्या घरी थोडा प्रॉब्लेम आहे, डिटेल्स सांगता येणार नाहीत, कृपया प्रार्थनेत ठेवा." ग्रुपवर मेसेज पडला की वीस जोडलेले हात येतात आणि दहाव्या मिनिटाला पर्सनलवर फोन सुरू, काय गं, काय झालंय नक्की, बायको माहेरी गेलीय का? मीही केलेत असे फोन. आधीच्या पाळकांच्या मुलाबद्दल मी एका मैत्रिणीला "फक्त प्रार्थनेसाठी सांगते हां" म्हणून सांगितलं होतं आणि पंधरा दिवसात ते माझ्याकडेच दुसरीकडून फिरून आलं, वर दोन मजले चढवून. पाळकाची मुलगी असून. म्हणजे मला तर हे कळायलाच हवं होतं.

बायबलमधल्या पौलाचं मला ह्या बाबतीत फार कौतुक वाटतं. करिंथची मंडळी म्हणजे काय होती, पार्ट्या पडलेल्या, कोर्टकचेऱ्या, पौलाच्या मागे त्याच्या दिसण्यावरून आणि बोलण्यावरून टोमणे. आपल्या कुठल्याही चर्चला लाजवेल अशी. आणि त्याच मंडळीला तो दुसऱ्या पत्राच्या पहिल्याच अध्यायात सरळ लिहितो की आशियात आमच्यावर असं काही आलं की आम्ही जगायचीसुद्धा आशा सोडली होती, आणि पुढे तीन वचनांत म्हणतो की तुम्हीही प्रार्थनेने मदत करा. हे तो एकांतात एखाद्या जिवलगाला नाही सांगत, मंडळीत मोठ्याने वाचल्या जाणाऱ्या पत्रात लिहितो. आमच्या एखाद्या पाळकाने उद्या व्यासपीठावरून असं म्हटलं तर पुढच्या कमिटी मीटिंगला बदलीचा अर्ज तयार असेल.

आणि पाळकांच्या पलीकडे त्यांचं घर असतं, ते तर कोणाच्याच खिजगणतीत नसतं. विल्यम कॅरीचं नाव आपल्याकडे सगळ्यांना माहिती, श्रीरामपूरचा तो मिशनरी (बंगालमधलं, आपलं साखर कारखान्याचं श्रीरामपूर नाही), १८०५ मध्ये त्याने मराठीचं व्याकरण छापलं, नवा करार मराठीत आणला, संडे स्कूलमध्ये त्याच्यावर क्विझ असतात. त्याच्या बायकोवर क्विझ नसतो. डोरोथीला भारतात यायचंच नव्हतं, तिने नाही म्हटलं होतं, शेवटच्या क्षणी तयार झाली, कडेवर तान्हं बाळ. १७९३ ला आले, १७९४ ला त्यांचा पाच वर्षांचा पीटर वारला आणि त्यानंतर डोरोथीचं मन जे ढासळलं ते सावरलंच नाही. नवऱ्यावर नको नको ते संशय, आरडाओरडा, तिला खोलीत ठेवावं लागायचं, आणि शेजारच्या खोलीत हा भाषांतर करतोय. तेरा वर्षं. १८०७ च्या डिसेंबरमध्ये ती गेली. मी लहानपणी कॅरीची गोष्ट ऐकली तेव्हा ह्यात कॅरीचा संयम केवढा असं सांगितलं होतं. आता वाटतं, तिचं काय? तिच्या बाजूने कोण बसलं? तिने स्वतः काय भोगलं ते तिच्या शब्दांत आपल्याला माहीतच नाही.

लक्ष्मीबाई टिळकांनी मात्र ‘स्मृतिचित्रे’ ह्या आत्मचरित्रात सांगून ठेवलं, आणि काय सांगितलंय! रेव्हरंड नारायण वामन टिळक म्हणजे मराठी ख्रिस्ती माणसाला केवढे, आमच्या गायनाच्या पुस्तकात पान उलटावं तिथे टिळक. १८९५ मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला तेव्हा लक्ष्मीबाई मागे राहिल्या, पुढची काही वर्षं संसार तुटल्यासारखाच. त्यांचा तापटपणा, हातात पैसा आला की कोणाला तरी देऊन मोकळं होणं, न सांगता घरातून निघून जाणं, सगळं बाईंनी लिहिलंय, हसत हसत लिहिलंय, आणि एवढं लिहूनही माणूस लहान झाला नाही. उलट टिळक कवितेतनं जेवढे कळतात त्यापेक्षा मला तिच्या लिहिण्यातनं जास्त जवळचे वाटतात. आई ते वाचताना मधेच पुस्तक मिटून म्हणायची, बघ, हिने सांगितलं. ‘कुणाला सांगू नको’ म्हणणारी माझी आई.

केडगावच्या मुक्ती मिशनला मी तीनचार वेळा गेलेय (नगरजवळचं नाही, दौंडकडचं केडगाव). दर वेळी पंडिता रमाबाईंचं काम बघून छाती दडपते, दुष्काळातल्या मुलींना गोळा केलं, छापखाना, शेती, हिब्रू-ग्रीक शिकून पूर्ण बायबलचं सोप्या मराठीत भाषांतर. १९०५ च्या सुरुवातीला त्यांनी मुलींना रोज प्रार्थनेला जमायला सांगितलं तेव्हा सुरुवातीला ७० जणी आल्या आणि काही महिन्यात ५५० झाल्या, तिथून ते मोठं संजीवन, म्हणजे आत्मिक जागृती, सुरू झालं हे आपण साक्ष म्हणून सांगतो. पण मला शेवटचं वर्ष आठवत राहतं. एकुलती एक मुलगी मनोरमा, जिच्या हातात सगळं काम सोपवायचं होतं, ती १९२१ च्या जुलैमध्ये गेली. रमाबाईंना तोपर्यंत ऐकूही नीट येत नव्हतं. सगळीकडे मुली, शेकडो मुली, सगळ्यांची ही आई, आणि तिची स्वतःची मुलगी गेलेली. पुढच्या एप्रिलमध्ये त्याही गेल्या. त्या आठनऊ महिन्यांत त्या घरात संध्याकाळी त्यांच्याजवळ कोण बसत असेल? त्या बहिऱ्या झालेल्या कानाशी वाकून कोणी प्रार्थना केली असेल का? मला हाच प्रश्न पडतो, संजीवनाचे आकडे डोक्यात राहत नाहीत.

मदर तेरेसांचं तर १९९७ ला त्या गेल्यानंतर दहा वर्षांनी पत्रं छापून आली तेव्हा जगाला समजलं की बाई जवळजवळ पन्नास वर्षं आतल्या अंधारात होत्या, प्रार्थना करायच्या आणि पलीकडे कोणी नाही असं वाटायचं. लोकांना धक्का बसला. मला धक्का ह्याचा बसला की चारदोन धर्मगुरूंना ते आधीपासून माहिती होतं आणि त्यांनी ते बाई जाईपर्यंत पोटात ठेवलं. आमच्याकडे चारदोन सोडा, एक जण शोधून दाखवा.

पण थांबा, पोटात ठेवणं म्हणजे काहीही पोटात ठेवणं नाही. हे मी मुद्दाम लिहितेय कारण ‘लपलेला संघर्ष’ ह्या गोड शब्दाखाली बरंच काही खपवलं जातं. रवी झकरायस, भारतात जन्मलेले, जगभर व्याख्यानं देणारे, त्यांचे व्हिडिओ मी स्वतः तरुण संघात लावलेत. मे २०२० मध्ये ते गेले, आपण सगळ्यांनी श्रद्धांजल्या टाकल्या, आणि फेब्रुवारी २०२१ मध्ये त्यांच्याच संस्थेने नेमलेल्या वकिलांचा अहवाल आला की बायकांचं लैंगिक शोषण केलं होतं. त्या बायका आधी बोलल्या तेव्हा त्यांना खोटं ठरवलं गेलं होतं, आणि त्यांना खोटं ठरवणारे लोकही ‘प्रभूच्या सेवकासाठी’ प्रार्थनाच करत होते. तर पाळकाला झोप येत नाही, दारू जवळची वाटायला लागलीय, विश्वास डळमळलाय, कर्ज झालंय, बायकोशी बोलणं बंद आहे, हे तो संघर्ष. त्याच्या हातून दुसऱ्या कोणाला दुखापत होतेय, तो संघर्ष नाही, तो अपराध, आणि तिथे आधी त्या दुखावलेल्या माणसाच्या बाजूला उभं राहायचं. लहान मुलाबाबत असेल तर पोलिसांना कळवणं २०१२ च्या पॉक्सो कायद्याने बंधनकारकच आहे, ‘मंडळीतलं मंडळीत’ हा पर्यायच नाही तिथे. प्रार्थना स्टेशनच्या बाहेर बाकड्यावर बसूनही करता येते.

बरं, तर आमचे पाळकसाहेब. त्या रविवारनंतर मी तीन रात्री विचार केला आणि मग खजिनदार अंकलना फोन केला. अंकल म्हणजे रिटायर्ड पोस्टमास्तर, शिस्तीचे, त्यांची प्रार्थना वीस मिनिटांच्या खाली कधी येत नाही, उत्पत्तीपासून सुरू होते. मला वाटलं हे म्हणतील विषय अजेंड्यावर घे. तर म्हणाले, "बेटा, मला पण दिसलं. मला वाटलं मलाच दिसलं." आम्ही तिसऱ्या एका ताईंना घेतलं, नर्स आहेत, आणि त्यांच्या तोंडून आजपर्यंत कोणाचीही गोष्ट बाहेर पडलेली मी ऐकलेली नाही, हीच त्यांची मुख्य पात्रता. तिघंच. गेथशेमाने बागेत येशूनेही सगळ्या शिष्यांना पुढे नेलं नाही, तिघांना नेलं आणि त्यांनाच म्हणाला माझा जीव मरणप्राय दुःखी झालाय, इथे जागे राहा. ते झोपले ही गोष्ट वेगळी. आम्ही ठरवलं झोपायचं नाही, आणि ग्रुप काढायचा नाही.

पहिल्या वेळी गेलो तेव्हा फार अवघड गेलं. पाळकसाहेबांनी लगेच खुर्च्या मांडल्या, बायबल उघडलं, कोणतं स्तोत्र वाचू म्हणाले. सवय. आपल्याकडे पाळकाच्या घरी गेलं की प्रार्थना तेच करणार, डॉक्टरच्या घरी जेवायला जाऊन बीपी चेक करून घ्यावं तसं. मग मी मला जमेल तशी आजींची गोष्ट सांगितली. साहेब, आज तुम्ही गप्प बसा. ते हसले. मग गप्प बसले. मग बराच वेळ कोणीच काही बोललं नाही आणि पंख्याचा आवाज तेवढा. त्यानंतर ते जे बोलले ते मी इथे लिहिणार नाही, तुम्ही नाव, गाव, शहर काहीही ओळखू शकला नाहीत तरी लिहिणार नाही.

एवढं सांगते की आता ते डॉक्टरकडे जातात, योग्य त्या डॉक्टरकडे, आणि बिलाचं कमिटीने ‘वैद्यकीय’ एवढ्या एका शब्दात पास केलं, अंकलनी कोणाला पुढचा प्रश्न विचारूच दिला नाही. एका रात्री फार वाईट वाटलं तर फोन करायला म्हणून ताईंनी टेलिमानस ह्या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा सरकारी नंबर त्यांच्या फ्रिजवर चिकटवला, स्वतःच्या नंबरच्या खाली. सोमवारी पाळकांना फोन करायचा नाही असं आम्ही अनाउन्समेंटमध्ये सांगितलं तर पहिल्याच सोमवारी एकाने फोन केला की आज फोन करायचा नाही ते नक्की किती वाजेपर्यंत! डिसेंबरची मात्र मला अजूनही धास्ती आहे. घरोघरी गाणी, चोवीसची रात्र, पंचवीसची सकाळ, एकतीसची वॉचनाइट, एक तारखेची उपासना, लगेच प्रार्थना सप्ताह. माणूस आहे का काय. ह्या वर्षी निम्मी घरं तरुण संघ आणि आम्ही करू असं ठरलंय, त्यावर "पाळक आले नाहीत तर नाताळ कसला" म्हणणारे तिघेजण तयार आहेतच. लढाईच्या वेळी वर धरलेले मोशेचे हात जड झाले तेव्हा अहरोन आणि हूरने हात धरले हे सगळ्यांना पाठ आहे, पण त्याच्या आधीचं वाक्य कोणी वाचत नाही, आधी त्यांनी धोंडा आणून त्याला बसवलं. आमचे लोक पाळकांना उभं ठेवूनच हात धरायला बघतात.

आता दर गुरुवारी आम्ही तिघं जातो. कधी प्रार्थना होते, कधी नुसताच चहा. काय विचारायचं हेही आम्ही शिकतोय, ‘बरंय ना’ विचारायचं नाही असं ठरलंय, त्याऐवजी ताई सरळ विचारतात, काल किती तास झोपलात? ह्याला ‘प्रभूची कृपा’ असं उत्तर देता येत नाही. आकडाच सांगावा लागतो. मागे तीन होता, मधे पाच, आता कधी सहा कधी परत चार.

गेल्या गुरुवारी गेलो तर पाळकसाहेब घरी नव्हते, हॉस्पिटलमध्ये कोणाला तरी भेटायला गेलेले. वहिनी दारात. आम्ही म्हटलं असू दे, आलोच आहोत तर त्यांच्यासाठी प्रार्थना करून जातो. बसलो. अंकलनी घसा साफ केला, म्हणजे वीस मिनिटं. तर वहिनी म्हणाल्या, "अंकल, राग नका मानू, पण आज त्यांच्यासाठी नको. आज माझ्यासाठी कराल का?" मग थोडं थांबून, "आणि सकाळपासून गॅस संपलाय. एजन्सीचा माणूस येतो म्हणाला, आलाच नाही. मला एकटीला उचलत नाही."

अंकल डोळे मिटून बसले होते ते उघडून उठलेच. रिकामा सिलेंडर कुठाय विचारलं, स्कूटरची किल्ली खिशातून काढली आणि जिन्यावरून म्हणाले, तुम्ही दोघी सुरू करा, मी आल्यावर आमेन म्हणतो.